दाबाचे इंजिन आणि ठिणगीची वेळ

महोत्सवाच्या स्मरणिकेत मोटारीच्या इंजिनावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वडीलधाऱ्या वाचकांच्या मनात येईल, आणि तो रास्तच आहे. त्याचे उत्तर आपल्या बेलूरच्या भूमीतच सापडते. धारवाडहून कित्तूरच्या वाटेला लागले की पुणे-बंगळूर महामार्गालगत बेलूरची औद्योगिक वसाहत येते. बसगाड्या बांधण्यासाठी २००६ साली टाटा मोटर्स आणि ब्राझीलची मार्कोपोलो कंपनी यांनी संयुक्त कंपनी काढली व तिचा कारखाना धारवाडला उभा राहिला. खोदकामाची अवजड यंत्रेही याच परिसरात तयार होतात. आपल्या घरांतील कितीतरी मुलांचे हात या निमित्ताने यंत्राला लागले आहेत. हात लागला की उत्साह येतो, आणि उत्साहापाठोपाठ घरच्या मोटारीचे बळ वाढविण्याची हौस येते. ही हौस आम्हांस वाईट वाटत नाही. मात्र तिच्यात एक जागा अशी आहे की जेथे दोन-तीन अंशांचा फरक कर्जाने घेतलेल्या गाडीचे इंजिन निकामी करू शकतो. ती जागा म्हणजे ठिणगीची वेळ. तिच्याविषयी सर्वांना समजेल अशा भाषेत चार गोष्टी सांगाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या मुलुखाला यंत्राचे वेड नवे नाही. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला व १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. पुढे १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि शेतकऱ्याच्या विहिरीवर डिझेल इंजिन येऊन बसले. त्या डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत तेल फवारले की ते आपोआप पेटते. पेट्रोलच्या इंजिनात मात्र हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आधीच एकत्र झालेले असते व प्लगची ठिणगी ते पेटविते. म्हणून ठिणगी केव्हा पडावी हा प्रश्न पेट्रोलच्या इंजिनाचा आहे.

ठिणगी आधी का पाडावी लागते?

पिस्टन वर चढून मिश्रण दाबतो, अगदी वरच्या टोकाला पोचतो आणि जळलेल्या वायूच्या दाबाने खाली ढकलला जातो. तेव्हा पिस्टन वरच्या टोकाला येताच ठिणगी पाडावी, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु मिश्रण बंदुकीच्या दारूसारखे एका क्षणात भडकत नाही. प्लगपाशी इवलीशी ज्योत होते व ती पसरत पसरत सिलिंडरच्या भिंतीपर्यंत जाते. या प्रवासाला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात क्रँक फिरतच असतो.

नागपंचमीचा झोका आठवावा. झोका आपल्याकडे येत असतानाच ढकलला तर तो अडतो व हाताला झटका बसतो. पार दूर गेल्यावर ढकलला तर हात हवेत जातो. तो मागे येऊन वळला की त्याच क्षणी दिलेला धक्का कामी येतो. इंजिनातही जळलेल्या वायूचा सर्वाधिक दाब पिस्टन वरचे टोक ओलांडून क्रँकच्या मापाने सुमारे १२ ते १६ अंश खाली आल्यावर यावा, म्हणजे धक्का सर्वांत उपयोगी पडतो.

आता हिशोब करू. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर एका मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, क्रँक १८ अंश फिरतो. ठिणगीपासून सर्वाधिक दाबापर्यंत दोन मिलिसेकंद लागतात असे धरले, तर तेवढ्यात क्रँक ३६ अंश फिरेल. दाब टोकानंतर १४ अंशांवर हवा असेल तर ठिणगी टोकाच्या २२ अंश आधी पडली पाहिजे. यालाच कारागीर ‘२२ अंशांचा ॲडव्हान्स’ म्हणतात. ठिणगी याहून उशिरा आणणे म्हणजे ‘रिटार्ड’ करणे.

फेरे वाढले की ठिणगी अधिक आधी लागते. मात्र फेऱ्यांच्या प्रमाणात नव्हे, कारण वेगाबरोबर आतील मिश्रणाची घुसळण वाढते व ज्योतही वेगाने पसरते. उलट गाडी सपाट रस्त्यावर हलक्या पायाने चालली असता सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असते, ते सावकाश जळते, म्हणून तेथे ३० अंशांहूनही अधिक ॲडव्हान्स चालतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांत हा सारा हिशोब डिस्ट्रिब्यूटर करीत असे. फेऱ्यांसाठी त्यात फिरत्या वजनांची जोडी असे आणि भारासाठी निर्वाताची डबी. मूळ वेळ ठरविताना मिस्त्री डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवून गाडी चढावर घाली, टकटक ऐकू आली की थोडा मागे घेई. आजच्या गाडीत हेच काम संगणकाच्या पेटीत असते. एका बाजूला फेरे, दुसऱ्या बाजूला हवेचा दाब आणि प्रत्येक घरात ठिणगीचा अंश, असा पाढ्यांच्या तक्त्यासारखा एक तक्ता त्या पेटीत भरलेला असतो.

दाब दिल्याने काय बदलते?

साधे इंजिन स्वतःच्या ओढीने जेवढी हवा घेईल तेवढी घेते. अधिक हवा आत ढकलली तर अधिक पेट्रोल जाळता येते व त्याच आकाराच्या इंजिनातून अधिक बळ निघते. ही कल्पना जुनी आहे. गोटलीब डाइम्लर यांनी १८८५ सालीच तिचे पेटंट घेतले होते. १९०५ साली स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर हवा दाबण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले आणि १९२१ साली मर्सिडीजने दाबयंत्र लावलेल्या मोटारी प्रदर्शनात मांडल्या. क्रँकवरून पट्ट्याने फिरते तो सुपरचार्जर. धुराच्या जोरावर फिरतो तो टर्बोचार्जर. ठिणगीच्या दृष्टीने दोघांचा प्रश्न एकच आहे.

आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचे तर टाटांच्या १.२ लिटरच्या तीन सिलिंडरी रेव्होट्रॉन इंजिनाचे घ्यावे. २०१६ साली टियागो गाडीत ते दाबाविना आले तेव्हा त्याचा पीळ ११४ न्यूटन-मीटर होता. २०१७ साली पुण्याजवळ रांजणगावला बनणाऱ्या नेक्सॉन गाडीत तेवढ्याच आकाराचे इंजिन टर्बोचार्जर घेऊन आले, तेव्हा पीळ १७० न्यूटन-मीटर झाला. आकार तोच आणि बळ जवळजवळ दीडपट.

परंतु हे बळ फुकट मिळत नाही. सायकलीत हवा भरताना पंपाचे तोंड तापते हे लहान मुलांनाही ठाऊक असते. तीच गोष्ट येथे मोठ्या प्रमाणावर घडते. ३५ अंश सेल्सिअस उष्णतेची हवा धारवाडच्या उंचीवर ०.६ बारने दाबली, तर साधारण कार्यक्षमतेच्या दाबयंत्रातून ती १०५ ते ११० अंशांवर बाहेर पडते. म्हणूनच मध्ये इंटरकूलर घालून ती थंड करावी लागते. एवढे करूनही सिलिंडरमध्ये जाणारे मिश्रण दाट आणि नेहमीपेक्षा ऊन असते.

येथे खरा शत्रू प्रकट होतो. ज्योत एका बाजूने पसरत येत असता दुसऱ्या कोपऱ्यात न जळलेले मिश्रण चेपले जाते व तापत जाते. ज्योत पोचण्यापूर्वीच ते सहनशक्तीबाहेर तापले, तर सगळेच एकदम स्वतःहून पेटते. दाबाच्या लाटा भिंतीवर आपटतात आणि धातूवर हातोडी मारल्यासारखा टकटक आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. आपल्या लहान मोटारीच्या सिलिंडरात या लाटा सेकंदाला सुमारे ७,००० वेळा आपटतात. पिस्टनच्या माथ्यावर व सिलिंडरच्या भिंतीवर वायूचा जो पातळ थर उष्णता अडवून धरतो, तो या लाटांनी फाटतो. मग ॲल्युमिनियमचा पिस्टन झिजतो, कडा खातो, रिंगांमधील पट्टी तुटते, आणि अखेरीस माथ्याला भोकही पडते. साध्या इंजिनात थोडी टकटक बराच काळ सोसली जाते. दाबाच्या इंजिनात भर जोरात असताना काही सेकंदही पुरे होतात.

याला उपाय तीन : दाब कमी करणे, पेट्रोल अधिक ऑक्टेनचे वापरणे किंवा ठिणगी उशिरा पाडणे. ठिणगी उशिरा पडली की सर्वाधिक दाब पिस्टन खाली निघाल्यावर येतो, कोपऱ्यातील मिश्रण कमी चेपले जाते आणि टकटक टळते. कारागिरांचा ठोकताळा असा की दर एक पौंड अधिक दाबामागे, म्हणजे सुमारे ०.०७ बारमागे, एक अंश मागे यावे. ०.६ बारला हा हिशोब जवळजवळ ९ अंश होतो. वरच्या उदाहरणातील २२ अंश मग १३ अंशांवर येतील. हा ठोकताळा आरंभ करण्यापुरता आहे. अंतिम उत्तर इंजिनच देते.

ऑक्टेनचे महत्त्व जगाने युद्धात पाहिले. १९४० साली ब्रिटिशांच्या मर्लिन विमान-इंजिनांना ८७ ऐवजी १०० ऑक्टेनचे पेट्रोल मिळाले, तेव्हा दाबयंत्राचा दाब सव्वासहा पौंडांवरून १२ पौंडांवर नेता आला. आपल्याकडे एप्रिल २०२० पासूनच्या मानकांत साध्या पेट्रोलचे ऑक्टेन किमान ९१ आणि वरच्या प्रतीचे ९५ ठरले. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जाते. बेळगाव, बागलकोट, कोल्हापूर या भागांतील उसावर चालणारे कारखाने ते पुरवितात. इथेनॉलचे ऑक्टेन उंच असते व वाफ होताना ते मिश्रणाला चांगले थंड करते, म्हणून टकटक रोखण्यास ते साहाय्यच करते. मात्र त्याला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास हवेचे १४.७ भाग, तर वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणास सुमारे १३.५ भाग. जुन्या हिशोबाने पेट्रोल सोडणारी पेटी तशीच ठेवली तर मिश्रण विरळ पडते, आणि विरळ मिश्रण भर दाबाखाली घातक ठरते.

मागे घेतले की झाले?

‘ठिणगी पुष्कळ मागे घेतली की इंजिन सुरक्षित’ अशी एक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. अति उशिरा पेटलेले मिश्रण पिस्टन खाली जात असतानाही जळतच राहते व ज्या उष्णतेने चाके फिरावयाची ती धुराबरोबर बाहेर जाते. बळ घटते, पेट्रोल वाया जाते, आणि धुराच्या झडपा व टर्बोचार्जरची चक्री लालबुंद होते. फार पुढे गेलो तर पिस्टन जातो, फार मागे आलो तर झडपा आणि टर्बो जातो. योग्य वेळ ही या दोहोंमधील अरुंद पायवाट आहे.

धारवाडचे पठार आणि खालचा किनारा

आता आपल्या परिसरापुरती एक विशेष गोष्ट. धारवाड समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. समुद्रकाठी हवेचा दाब १.०१ बार असतो, येथे तो ०.९३ च्या आसपास. पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर आत घेतलेल्या हवेला ठरावीक पटीने दाबतो. ही पट १.६ असेल तर धारवाडला एकूण दाब १.४९ बार होतो. तीच गाडी यल्लापूरवरून अरबैल घाट उतरून अंकोल्याला किंवा अनमोड घाटाने गोव्यात गेली की तो १.६२ बार होतो. फरक ०.१३ बारचा, म्हणजे ठोकताळ्याने जवळजवळ दोन अंशांचा. टर्बोच्या गाडीत पेटी दाब सांभाळते म्हणून फरक कमी पडतो, पण पुसला जात नाही.

डिसेंबरच्या थंडीत, पठारावर, टकटक येईल-न येईल अशा काठावर आणून ठेवलेली वेळ मे महिन्यात कुटुंबासह घाट उतरून किनाऱ्याला गेल्यावर काठाच्या पलीकडे जाते. किनाऱ्याच्या दमट हवेने किंचित साहाय्य होते. उष्णता आणि दाब मात्र त्याहून भारी पडतात. आणि परतीचा प्रवास तर भरल्या गाडीने घाट चढण्याचा! म्हणून आमच्या भागात बसविलेल्या वेळेत किनाऱ्यासाठी दोन-तीन अंशांची शिल्लक ठेवलीच पाहिजे. हवेच्या दाबाचा हिशोब करताना घड्याळावर दिसणारा वरचा दाब न घेता बाहेरची हवा धरून एकूण दाब घ्यावा.

काम कोणत्या क्रमाने करावे?

प्रथम इंजिन निरोगी आहे की नाही ते पाहावे. सर्व सिलिंडरांचा कॉम्प्रेशन सारखा असावा, इंटरकूलरच्या नळ्या कोठे फुसफुसू नयेत, पाणी व तेल ठीक असावे. पेट्रोल नेहमी वापरतो तेच घालावे. परीक्षेसाठी भारी पेट्रोल घालून नंतर साधे वापरणे म्हणजे स्वतःलाच फसविणे होय.

दुसरे काम प्लगांचे. दाबाच्या इंजिनाला एक पायरी थंड प्लग लागतो व त्याची फट थोडी कमी, बहुधा ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवतात, कारण दाट मिश्रणातून ठिणगी उडविण्यास विजेचा ताण अधिक लागतो. येथे एक फसगत टाळावी. एनजीकेच्या प्लगावर मोठा आकडा म्हणजे थंड प्लग. बॉशच्या प्लगावर लहान आकडा म्हणजे थंड.

तिसरे, पेटी सांगते तीच वेळ प्रत्यक्षात आहे का ते टायमिंग लाइटने पुलीच्या खुणेवर पडताळावे. पडद्यावर १० अंश आणि खुणेवर १४ अंश अशी तफावत असेल तर पुढचे सर्व काम व्यर्थ आहे. फिरत्या पट्ट्याजवळ सैल बाही वा लोंबणारा रुमाल नको, हे निराळे सांगावयास नको.

चौथे, वेळेला हात लावण्यापूर्वी मिश्रण ठीक करावे. भर दाबाखाली पेट्रोल थोडे अधिकच असावे. शुद्ध पेट्रोलच्या हिशोबात एका भागास हवेचे साडेअकरा ते साडेबारा भाग ही साधारण मर्यादा. जादा पेट्रोलाने मिश्रण थंड राहते.

पाचवे, खरी जुळणी डायनोवर करावी, सार्वजनिक रस्त्यावर नव्हे. मुद्दाम मागे ठेवलेल्या वेळेपासून आरंभ करून एकेक अंश पुढे जावे व प्रत्येक वेळी पीळ मोजावा. पीळ वाढण्याचे थांबले की तेथेच थांबावे. त्यापुढचा अंश केवळ धोका वाढवितो. पीळ वाढत असतानाच टकटक आली तर तेथून दोन-तीन अंश मागे यावे. इंजिनावर बसविलेला नॉक सेन्सर ही टकटक ऐकून पेटीला कळवितो व पेटी काही अंश मागे घेते. हा पहारेकरी उत्तम आहे, परंतु पहारेकरी आहे म्हणून दार उघडे टाकून कोणी झोपत नाही. अखेरीस इंजिन तापल्यावर पुन्हा दोन-तीन वेळा तीच परीक्षा घ्यावी. पहिल्या वेळचा आकडा थंड इंटरकूलरचा असतो. घाटात लागणारा आकडा तापलेल्या इंटरकूलरचा.

घरच्या मंडळींसाठी

ज्यांना हत्यारे हाती धरावयाची नाहीत त्यांनीही काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. चढावर वरच्या गिअरात गाडी रेटू नये; कमी फेऱ्यांत पूर्ण दाब हा लहान टर्बो इंजिनांचा सर्वांत वाईट प्रसंग असतो, कारण तेथे कधी कधी ठिणगीच्या आधीच मिश्रण पेट घेते व त्यावर ठिणगी मागे घेण्याचा इलाज चालत नाही. गिअर खाली घ्यावा, इंजिनाला फिरू द्यावे. तेल कारखान्याने सांगितलेल्या प्रतीचेच घालावे. टकटक ऐकू आली तर पाय सैल करावा आणि गाडी तपासून घ्यावी.

घरातील तरुण ‘केवळ पेटीतील तक्ता बदलावयाचा आहे, एका तासाचे काम’ असे सांगू लागला तर त्याला दटावून गप्प बसवू नये. पाच प्रश्न विचारावेत. टकटक कशाने मोजणार? कोणत्या पेट्रोलवर? तापलेल्या इंजिनावर पुन्हा पाहणार का? किनाऱ्यासाठी शिल्लक किती? आणि मूळ तक्ता जपून ठेवला आहे का? ज्याच्यापाशी पाचही उत्तरे आहेत तो खरा कारागीर होण्याच्या वाटेवर आहे. याशिवाय गाडीची हमी आणि विमा यांविषयी संबंधित कंपन्यांना आधीच विचारून घ्यावे. नोंदणीपत्रातील तपशिलाशी न जुळणारा फेरबदल मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मना केला आहे, हेही विसरू नये.

या मे महिन्यात आपल्यापैकी अनेक कुटुंबे घाट उतरून समुद्राकडे जातील. निघण्यापूर्वी वेळ, प्लग आणि इंटरकूलरच्या नळ्या एवढे तीन विषय एकदा तपासून घ्यावेत, अशी सर्व सभासदांस आमची आग्रहाची विनंती आहे.